पहिलीच्या वर्गातलं रिंगण

अनुताई वाघ मूळच्या आमच्याच मुलखातल्या. १७ मार्च १९१० रोजी त्या मोरगावला, मयूरेश्वराच्या गावात जन्मल्या. आमच्या लासुर्ण्याहून बारामती गाठायची आणि तशीच पश्चिमेची वाट धरायची, की मोरगाव येतं. तेराव्या वर्षी लग्न, वर्ष उलटायच्या आत वैधव्य, मग हट्टानं शिक्षण, व्हर्नाक्युलर फायनल, शिक्षिकेची नोकरी आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर समुद्रकाठच्या बोर्डीला प्रयाण. बालवाडी म्हटलं की महाराष्ट्राला ही दोन नावं आठवतात. माझं म्हणणं असं, की आपण त्या दोघींचं अर्धंच घेतलं. तीन ते सहा वर्षांच्या पोरांनी खेळत शिकावं, हे आता गावातला कुणीही मान्य करतो. सहा पुरी झाली आणि मूल पहिलीत आलं, की मात्र खेळ संपला, आता अभ्यास, असं आपण ठरवून टाकलं. बोर्डीहून पुढं ज्या कोसबाडच्या टेकडीवर त्या दोघी गेल्या, तिथं त्यांनी हे कधीच मानलं नव्हतं.

लासुर्णे आणि पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली, बहुतेक काळ पहिली-दुसरीवर. वरिष्ठ शिक्षकांना सहसा चौथी हवी असायची, कारण तिथे स्कॉलरशिपची परीक्षा आणि नाव होतं. पहिली नव्या बाईंच्या गळ्यात पडायची. मला ती पडली आणि पुढे मी ती मागून घेत राहिले.

पहिलीचा वर्ग असा कोरडा कधी झाला, हे शोधायला थोडं मागं जावं लागतं. इंग्रजी अंमलाआधी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोट फिरवत अक्षर शिके. ओनामा, उजळणी, मोडीचे कित्ते आणि छडी, असा तिथला कारभार. पण त्या शाळेला इयत्ता नव्हत्या, जो तो आपल्या चालीनं पुढं सरके. एवढी एक गोष्ट तरी मुलाच्या बाजूची होती. १८५५ नंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखातं आलं, इयत्ता आल्या, वर्षाअखेर परीक्षा आली. पहिलीच्याही खाली बिगरी नावाचा वर्ग असे. दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचा डेप्युटी, तपासणीला येणार म्हटलं की शाळा सारवून निघे आणि पोरांकडून कविता, पाढे घोटून घेतले जात. अनुदान घेणाऱ्या शाळांचा पैसा तर परीक्षेत किती मुलं उतरली यावर ठरे. साहेबापुढं मुलानं काय म्हणून दाखवायचं, यावरच सगळी शाळा उभी राहिली. बिगरीतल्या पाच-सहा वर्षांच्या पोरालाही उद्या तेच करायचं होतं, म्हणून त्यानं आजपासून हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसायचं.

१९२९ साली हार्टॉग समितीनं याचा हिशेब मांडला. १९२२-२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागं १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ उरली होती. मी शिकवायला लागले तेव्हाही हा आकडा मला परका वाटला नाही. खेड्यातल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं कपाटात असतात. पिवळ्या पानांवर टाकानं लिहिलेली नावं, आणि पहिलीतूनच नाव कमी झालेल्या पोरापोरींपुढं कारणाच्या रकान्यात दोन शब्द: सतत गैरहजर. घरची गरिबी, शेतातली कामं, मुलीच्या कडेवरचं लहान भावंड, ही कारणं खरीच होती. पण उद्या परत यावंसं वाटेल असं त्या वर्गात काय होतं, हा रकाना रजिस्टरात नव्हता.

त्याच सुमाराला भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांच्यात रमले होते. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढलं, १९२३ साली ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मादाम माँटेसरींचं तत्त्व त्यांनी घेतलं आणि महागड्या साहित्याच्या जागी इथल्या सुताराचं, बुरुडाचं, कुंभाराचं काम आणलं. एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. गिजुभाईंचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ‘दिवास्वप्न’ १९३२ सालचं. त्यातला कल्पित मास्तर लक्ष्मीशंकर साहेबाकडून प्रयोगासाठी वर्ग मागून घेतो, तो चौथीचा. गोष्टी, खेळ, नाटक, भटकंती हे सगळं तो नऊ-दहा वर्षांच्या पोरांबरोबर करतो आणि वर्षाच्या शेवटी ती पोरं शिकलेली असतात. बालमंदिराचा जनक आपलं स्वप्न रंगवतो चौथीच्या वर्गात. ते पुस्तक आपल्याकडे डी.एड.च्या मुलामुलींना वाचायला सांगतात, आणि तीच मुलंमुली पुढं पहिलीत मुळाक्षरांचा तक्ता टांगून सुरुवात करतात.

बोर्डीची हकिकत बऱ्याच जणांना माहीत आहे. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हेच नाव देशभर गेलं. १९५६-५७ च्या सुमाराला काम कोसबाडला हललं आणि तिथं त्या दोघींनी जे उभं केलं ते मला बालवाडीपेक्षा मोठं वाटतं. तिथली पोरं गुरांमागं जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायची म्हणून शाळेत येत नसे, तर धाकट्यासाठी शेजारीच पाळणाघर झालं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. शिंपले, बिया, काड्या, पानं हेच साहित्य. पाळण्यातलं पोर बालवाडीत आणि बालवाडीतलं पहिलीत जायचं ते त्याच अंगणातून. सहाव्या वर्षी मुलाचा स्वभाव बदलत नाही, हात स्वस्थ बसत नाहीत, प्रश्न थांबत नाहीत, ही साधी गोष्ट त्या आवाराच्या रचनेतच धरलेली होती.

हे दूरच्या टेकडीवरच्या दोन बायांचं वेड होतं असंही कुणाला म्हणता येणार नाही. १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगानं, ज्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, पहिलीतली गळती आणि नापासी थांबवायला तीन उपाय सांगितले: पहिली-दुसरी हा एकच सलग टप्पा धरा, त्याआधी वर्षभर शाळापूर्व शिक्षण द्या, आणि पहिलीत खेळाच्या पद्धतीनं शिकवा. इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा या गोष्टीला दीड दशक होऊन गेलं होतं आणि माझ्या हातात दिलेल्या वेळापत्रकात पहिलीला तासागणिक मराठी, गणित, परिसर अभ्यास असे रकाने होते.

आमच्या वाडीवस्तीवरच्या शाळा दोनशिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. शिक्षक याला अडचण समजतात. मला त्यातूनच वाट सापडली. माँटेसरींच्या वर्गात वेगवेगळ्या वयाची मुलं हेतुपूर्वक एकत्र असत, आमच्याकडे खोल्या कमी म्हणून. पण परिणाम तोच. सात वर्षांची पोर सहा वर्षांच्या पोराला जे शिकवते ते मला कधी इतक्या लवकर शिकवता आलं नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि मागोमाग तुकोबारायांची पालखी येते. पाटस, बारामती, सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, पुढं निमगाव केतकी आणि इंदापूर. पहिलीत नाव घालून आठ-पंधरा दिवस झालेलं पोर त्या दिवसांत वर्गात असतं ते नावापुरतं. डोळ्यांत पालखी असते. पालखी गेली की मधल्या सुट्टीत मैदानात दिंडी निघायची. पाट्या एकमेकींवर आपटून टाळ, डोक्यावर कुंडीतली तुळस, पुढं झेंडा म्हणून काठीला बांधलेला रुमाल. सुरुवातीला घंटा वाजली की मी त्यांना आत बोलवी, आणि ती आत येऊन मलूल बसत. एका वर्षी मी घंटा वाजवली नाही. मैदानाच्या कडेला बसून राहिले आणि काय चाललंय ते पाहत गेले.

पहिलं भांडण झालं रिंगणावरून. पायानं काढलेलं रिंगण वाकडं आलं, घोडा झालेला पोरगा एका बाजूला दोरीत अडकला. दुसरीतल्या एकीनं सांगितलं, मधे खुंटी ठोका, दोरी धरून पळा. शेळीच्या दाव्यावरून तिला ते सुचलं होतं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. रिंगण गोल आलं. मग कुणाला तरी मोठं हवं झालं. दोरी लांब केली की रिंगण मोठं होतं, हे त्यांनी स्वतः धावून, पडून शोधलं. त्रिज्या हा शब्द त्यांच्या वाट्याला यायला अजून चार-पाच वर्षं होती. दुसरं भांडण नंबराचं. पालखीत रथापुढची दिंडी क्रमांक अमुक, रथामागची दिंडी क्रमांक अमुक, असे फलक असतात. पोरांनाही फलक हवे होते. मी जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि खडू ठेवून दिले. रथापुढं सात नंबर आणि रथामागंही सात नंबर कसा असेल, यावर वाद पेटला. तो त्यांनी मिटवला तो असा, की पुढची मोजणी आणि मागची मोजणी वेगळी, दोन्ही रथापासून सुरू होतात. रथ म्हणजे एका बाकावर ठेवलेलं दप्तर. त्या बाकापासून दोन्ही बाजूंना मोजत गेलेली ती पोरं पुढं संख्यारेषेवर कधी अडखळली नाहीत.

मी काय केलं, असं कुणी विचारेल. खुंटी, दोरी, पुठ्ठा, खडू एवढं पुरवलं. अडलं तिथं उत्तर सांगितलं नाही, दुसऱ्या पोराकडं बोट दाखवलं. दिवस संपताना सगळ्यांना गोल बसवून काय काय झालं ते बोलायला लावलं, आणि ते फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहिलं. ‘घोडा पडला.’ ‘मी विणेकरी झालो.’ हे आमचे पहिले वाचनपाठ. आपलंच वाक्य आहे म्हटल्यावर पोर ते पुन्हा पुन्हा वाचतं.

पालकांना हे पटायला वेळ लागला. “बाई, पोरं नुसती खेळत्यात, लिवायला कवा शिकिवणार?” असं एक आजी मला बाजारच्या दिवशी भर रस्त्यात म्हणाल्या. त्यांचा प्रश्न रास्त होता. नातवानं शिकावं म्हणून त्या तळमळत होत्या, आणि शिकणं म्हणजे वहीत काळं झालेलं पान, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मी त्यांना शाळेत बोलावून फळ्यावरचं वाक्य नातवाकडून वाचून घेतलं. त्यानंतर त्यांनी घरचे चिंचोके आणि गजगे आणून दिले, ते माझ्या वर्गात बरीच वर्षं टिकले.

दिवाळीनंतर आमच्याकडे दुसरंच जग उतरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नीरा डावा कालवा या कोरड्या पट्ट्यात आला, त्याच्यामागं ऊस आला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर उभं राहिलं, १९५० च्या दशकात भवानीनगरचा छत्रपती सहकारी कारखाना. उसाबरोबर बीड, नगरकडच्या तोडणीच्या टोळ्या आल्या, आणि टोळ्यांबरोबर त्यांची पोरं. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत राहणारी, पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला घेऊन उरलेली. १९९० च्या दशकापासून त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आसपास साखरशाळा चालल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच घ्यायचं ठरलं. ती आमच्या पहिली-दुसरीत आली, वर्षाच्या मधोमध, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की निघून जाणार.

धडा क्रमांक बारा चालू असताना आलेल्या पोराला धडा क्रमांक एकपासून शिकवता येत नाही. खेळात मात्र ते कुठूनही सामील होतं. या मुलांनी आमच्या वर्गात आणलेला खेळ म्हणजे काटा. विटेवर फळी आडवी टाकायची, एका बाजूला दगडांची वजनं, दुसरीकडं मोळी. मोळी म्हणजे गवताच्या काड्यांचा बांधलेला जुडगा. एक जण गाडीवान, एक मुकादम, एक काट्यावरचा साहेब, तो पावती फाडणार. गावच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एका मोळीत काड्या किती, गाडीत मोळ्या किती, काट्यावर कमी का भरलं, हे कोपीवरची पोरं त्यांना शिकवू लागली. वर्गात मागं बसणारं, दुसऱ्या जिल्ह्याची बोली बोलणारं पोर महिनाभर सगळ्यांचं मास्तर झालं. पावतीवर आकडा लिहायचा म्हणून दहाच्या पुढचे आकडे त्यांनी मागून घेतले. दहा काड्यांची मोळी आणि सुट्ट्या काड्या यांच्यावरून दशक-एकक मी फळ्यावर मांडलं ते शेवटी, खेळ पुरता रुजल्यावर.

खेळातून सगळं आपोआप येतं, असं मात्र मी म्हणणार नाही. अक्षर आपोआप येत नाही. नीरेपलीकडं फलटणला मूळच्या अमेरिकन भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. मुलांना मोकळं, आनंदी ठेवणारी ती शाळा, आणि तरीही वाचायला शिकवण्याचं काम क्रमानं, नेटानं करायचं असतं यावर त्यांचा कायम भर राहिला. मूल पुढं चालतं म्हणजे बाईंनी मागं झोपायचं असं नाही. रोजचा थोडा वेळ मी अक्षरांचा, वाचनाचा ठेवला आणि तो चुकवला नाही. बाकीचा दिवस पोरांचा.

२०१० नंतरच्या दशकात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचं नाव कानावर यायला लागलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष वर्गात आणला. बाकं हटली, मुलं गटानं जमिनीवर बसली, खडे, मणी, काड्या हाताळत मोजू लागली, एकमेकांना विचारू लागली. राज्यभरचे शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले आणि २२ जून २०१५ च्या शासननिर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला तेव्हा त्यामागं कुमठ्याची प्रेरणा होती. साध्या सरकारी शाळेत, साध्या पगारी शिक्षकांनी, पहिली-दुसरीत हे करून दाखवलं, याचं मोल फार मोठं आहे. कोसबाडची विकासवाडी संस्थेची होती. ग्राममंगलची डहाणू तालुक्यातली ऐन्याची शाळा, कोल्हापूरचं लीलाताई पाटलांचं सृजन आनंद, पुण्याचं अक्षरनंदन, ही सगळी ध्येयानं झपाटलेल्या माणसांची बेटं. कुमठ्यानं ती गोष्ट बदलीच्या यादीत नाव असणाऱ्या गुरुजींपर्यंत आणली.

पुढं जे झालं त्याचं मला दुःख आहे. कुमठ्याहून परतताना लोकांनी रंग आणला. लोकवर्गणी काढून गावोगाव फरशीवर अंकांचे साप आणि अक्षरांची चक्रं रंगली, आणि त्या रंगलेल्या फरशीवर पोरं पुन्हा ओळीत बसली. कुमठ्यात मुलाला जो अधिकार होता, आज कुठल्या कोपऱ्यात बसायचं, कुणाबरोबर, किती वेळ, तो फार थोड्या ठिकाणी पोचला. त्यात शाळा किती टक्के प्रगत झाली याचे आकडे मागवले जाऊ लागले. दिपोटीच्या काळातली भीती नव्या तक्त्यात येऊन बसली. एका तपासणीत मला विचारलं गेलं, की काटा खेळताना कोणती अध्ययन निष्पत्ती साधली जाते, ती कुठे नोंदवली आहे. मी नोंदवली होती. पण पोरं काय करतायत हे बघायला त्या साहेबांना पाच मिनिटं बसवेना.

आता कागद पुन्हा आपल्या बाजूचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी धरून. कोठारी आयोगानं मागितलेली सलगता अर्धशतकानं धोरणात उतरली, कोसबाडला ती त्याच्याही आधी होती. २०२५ च्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. आमच्या भागात मात्र अंगणवाडी एका खात्याची, पहिली दुसऱ्या खात्याची. कित्येक ठिकाणी दोन्ही एकाच आवारात, मधे एक भिंत. सेविकाताईंना ज्या पोराचं बोलणं, रुसणं, आवडता खेळ तीन वर्षांपासून ठाऊक असतो, त्याच्याबद्दल पहिलीच्या बाईंना मिळतं ते जन्मतारखेचं प्रमाणपत्र. आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरून सकाळी धावणाऱ्या पिवळ्या बसमध्ये तर चार वर्षांच्या पोराच्याही दप्तरात गृहपाठाची वही असते, म्हणजे पहिली वरून खाली सरकत चालली आहे.

माझ्यानंतर त्या वर्गावर आलेल्या तरुण बाई अधूनमधून फोन करतात. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, अंगणवाडीच्या सेविकाताईंना आठवड्यातून एक दुपार पहिलीच्या वर्गात बोलावलं आणि पहिलीची पोरं एक दुपार तिकडं पाठवली तर चालेल का, केंद्रप्रमुख काय म्हणतील. मी म्हटलं, आधी सुरू करा, पोरं काय बोलतात ते रोज फळ्यावर लिहा, आणि केंद्रप्रमुख आले की तो फळा त्यांना वाचायला द्या.